पाचशे रुपयांच्या आतला किचन काटा आणि मैद्याचा ‘एक कप’

घरी केक, पाव, नानकटाई सुरू करताना पहिली खरेदी कसली करावी असं कुणी विचारलं, तर मी ओव्हनच्याही आधी वजनकाटा सांगते. साध्या ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, उत्तम केक होतो, कुकरमध्ये तळाला मीठ पसरून केलेलाही चांगला होतो. पण मैदा अंदाजाने पडला असेल तर महागातला ओव्हनही त्या केकला वाचवत नाही. मी साताऱ्यात घरगुती ऑर्डरी घेते आणि सुट्टीत मुलामुलींना बेकिंग शिकवते. या दोन्ही कामांत माझ्या ओट्यावर रोज जो काटा असतो, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे.

काटा अगदी नेहमीचा आहे. पांढरं प्लॅस्टिकचं अंग, वर गोल ताटली, समोर तीन बटणं आणि छोटा पडदा. हाच काटा ऑनलाइन कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे कंपनीचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. ओळखायची खूण म्हणजे खोक्यावर दहा किलोपर्यंतची क्षमता लिहिलेली, आकडा एकेका ग्रॅमने पुढे सरकतो आणि खालच्या बाजूला दोन पेन्सिल सेल बसतात. किंमत तीनशे ते पाचशेच्या दरम्यान फिरत असते. दिसायला काही खास नाही आणि त्याने काही बिघडतही नाही.

याचं सगळ्यात मोलाचं बटण म्हणजे मधलं, टेअरचं. दुकानदार पूर्वी तेलाच्या बरणीचा आधी धडा करून घ्यायचे, तेच काम हे बटण करतं. रिकामं पातेलं ठेवा, बटण दाबा, शून्य. मैदा घाला, २४० झाला, पुन्हा दाबा, शून्य. त्याच पातेल्यात साखर, पुन्हा शून्य, मग कोको. एका पातेल्यात सगळं कोरडं साहित्य पडतं आणि घासायला ना कप राहतात ना वाट्या. ऑर्डरीच्या दिवशी हे किती बरं पडतं ते करणाऱ्यालाच कळेल.

आता मुद्द्याचं. काटा घेतला तरी रेसिपी बहुतेक वेळा कपातच असते. इंटरनेटवरच्या, अमेरिकन पुस्तकांतल्या आणि आपल्याकडच्या यूट्यूबवरच्याही. मग लोक मैद्याचा कप म्हणजे किती ग्रॅम हे शोधतात, आणि तिथे तीन जागी तीन आकडे सापडतात. किंग आर्थर या अमेरिकन पीठवाल्यांच्या तक्त्यात मैद्याचा कप १२० ग्रॅमचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यात तो १२५ आहे. रेसिपी पुन्हा पुन्हा करून तपासणारे अमेरिकाज टेस्ट किचनवाले ५ औंस, म्हणजे १४२ ग्रॅम धरतात. यात चूक कुणाचीच नाही. प्रत्येकाची कप भरायची पद्धत वेगळी आहे आणि आकडा त्या पद्धतीचा आहे. तीन कप मैद्याची रेसिपी घेतली तर १२० आणि १४२ यांत ६६ ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या कपाहून जास्त. एवढा मैदा जास्त पडलेला केक वर डोंगरासारखा फुगतो, मध्ये तडकतो आणि दुसऱ्या दिवशी कापताना भुगा पडतो.

वर्गातल्या मुलांना मी हे सांगत बसत नाही, करून दाखवते. एकच डबा, एकच २४० मिलीचा कप, काटा समोर. आधी डब्यातला मैदा चमच्याने हलवून मोकळा करायचा, चमच्याचमच्याने कपात सोडायचा आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग काढून टाकायचा. आमच्याकडे तो १२१ ग्रॅम भरला. मग तोच कप सरळ डब्यात खुपसून बाहेर काढायचा आणि सपाट करायचा. १४४. मग एका मुलाला म्हटलं, घरी आई कशी भरते तसा भर. त्याने कप भरला, ओट्यावर दोनदा आपटला, खाली बसलेल्या मैद्यावर आणखी मैदा घातला आणि तळव्याने दाबला. १६३. शेवटी चाळणीतून चाळलेला मैदा अलगद चमच्याने भरला, तो १०६. सगळ्या मुलांनी आकडे वहीत उतरवून घेतले. एक मुलगी मात्र पडद्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, “ताई, पण कप तर भरलेलाच होता की प्रत्येक वेळी!” कप भरलेलाच होता, हे अगदी खरं. पीठ दाबलं जातं आणि त्यात हवा भरते किंवा निघून जाते, ते कपाला दिसत नाही. काट्याला दिसतं.

आपल्या जुन्या मापांचा विचार केला की हे आणखी स्पष्ट होतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे सगळं धान्याचं होतं. जोंधळे, गहू, तांदूळ मापात ओतले की त्यांना दाबायला फारशी जागाच नसते, दाणा दाण्यावर टेकतो. तरीसुद्धा माप सपाट घ्यायचं की शीग लावून, यावरून खळ्यावर वाद व्हायचेच. मग पिठाचं काय होणार! गिरणीत दळण द्यायला गेलं की गिरणीवाला डबा काट्यावरच ठेवतो. वाण्याकडे मैदा मागायचा तो अर्धा किलो, किलो. बेकरीत हिशोब पोत्यावर चालतो आणि मैद्याचं पोतं असतं ५० किलोचं. म्हणजे पिठाचा धंदा करणारे सगळे वजनावरच चालतात आणि घरात आणल्यावर मात्र आपण ते पीठ कपाने मोजायला लागतो.

अमेरिकेत कप रुजला त्यालाही कारण आहे. १८९६ मध्ये बॉस्टनच्या कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर यांनी सपाट केलेला कप आणि सपाट केलेला चमचा यांचा आग्रह धरला. त्याआधी रेसिपीत चहाचा कप, अंड्याएवढं लोणी असलं काहीतरी असायचं. त्या मानाने ती फार मोठी सुधारणा होती आणि मला त्या बाईंबद्दल आदरच वाटतो. घरोघरी काटा नव्हता तेव्हा सपाट कप हे उत्तम उत्तर होतं. आता पाचशे रुपयांच्या आत काटा घरपोच येतो.

कपाच्या मापाचाही घोळ आहेच. अमेरिकेत पाकिटावरच्या पोषणमाहितीसाठी कप २४० मिलीचा धरतात, रोजच्या वापरातला त्याहून किंचित लहान. ऑस्ट्रेलियात कप २५० मिलीचा. जपानमध्ये २०० चा. माझी नणंद मेलबर्नला असते, तिच्याकडून येणाऱ्या रेसिपीत तर टेबलस्पूनसुद्धा २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी तो १५ चा. पण मैद्यापुरतं बोलायचं तर कपाच्या मापापेक्षा कप भरण्याच्या पद्धतीने कितीतरी जास्त फरक पडतो. २४० आणि २५० च्या कपात मैदा पाच ग्रॅमने इकडेतिकडे होईल. हाताने तोच फरक पन्नास ग्रॅमच्या वर जातो, वर पाहिलंत ना.

तुमच्या घरचा कप किती मिलीचा आहे ते याच काट्यावर पाच मिनिटांत कळतं. रिकामा कप ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. माझ्याकडच्या एका रंगीत प्लॅस्टिकच्या सेटमध्ये पूर्ण कप २५० चा आणि अर्धा कप ११८ चा निघाला. म्हणजे दोन अर्धे कप मिळून पूर्ण कप होत नाही! तो सेट आता मुलांना वाळूत खेळायला दिलाय.

मग कपातली रेसिपी ग्रॅममध्ये कशी आणायची? लिहिणाऱ्याने स्वतः ग्रॅम दिले असतील तर तेच घ्यायचे, दुसऱ्या कुणाच्या तक्त्याशी ताडून बघत बसू नका. ग्रॅम दिले नसतील तर तो कप कसा भरतो ते शोधायचं. व्हिडिओ असेल तर डोळ्यांनी दिसतंच. चमच्याने हलका भरत असेल तर १२०-१२५ धरा, डब्यात खुपसत असेल तर १४०-१४५. मैदा आधी चाळून मग मोजलाय की मोजून मग चाळलाय, तेही बघा. आधी चाळलेला असेल तर १०५-११० पेक्षा जास्त धरू नका. काहीच कळत नसेल तर मी १२५ ने सुरुवात करते आणि पहिला केक कसा होतो ते बघून वहीत आकडा पक्का करते. आकड्यापुढे एका शब्दात शेराही लिहून ठेवते, ‘कोरडा’, ‘बरोबर’, ‘मध्ये बसला’. पुढच्या वेळी पाच-दहा ग्रॅमने कुठल्या दिशेला जायचं ते त्यावरून कळतं. कपात हे करताच येत नाही. ‘जरासा कमी कप’ दुसऱ्यांदा तेवढाच कसा भरणार?

बाकी साहित्याला एवढा त्रास नाही. साखर २०० ग्रॅम कप, त्यात हाताचा फरक फारसा पडत नाही, दाणा दाबला जात नाही ना. पिठीसाखर मात्र मैद्याच्याच जातीची, ११५ ते १२५. रवा बारीक असेल तर १६५-१७०. बेसन हलकं, चमच्याने भरलेलं ९० च्या आसपास. गव्हाची कणीक मोकळी भरली तर मैद्याहून थोडी कमीच भरते. पण हे आकडे माझ्या डब्यातल्या पिठाचे आहेत, गिरणीत जाडं दळलं की बदलतात. तुमच्या पिठाचे तुम्ही एकदा काढून डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून ठेवा. लोण्याचं तेवढं नीट लक्षात ठेवा. अमेरिकन रेसिपीत ‘एक स्टिक’ म्हणतात ती ११३ ग्रॅमची, म्हणजे अर्धा कप. आपल्याकडे मिळणारं छोटं पाकीट १०० ग्रॅमचं. अख्खं पाकीट घातलं म्हणजे एक स्टिक झाली असं समजून खूप जण कुकीज करतात आणि त्या पसरतच नाहीत. तसंच अंड्याचं. तिकडचं लार्ज अंडं टरफलाशिवाय साधारण ५० ग्रॅमचं धरतात. आपल्याकडची अंडी बऱ्याचदा लहान असतात, तेव्हा तीन अंडी म्हटलं असेल तर मी फोडून वाटीत घेते, १५० होईपर्यंत.

शेजारच्या काकूंशी माझी यावरून नेहमी चर्चा होते. “अगं, मी इतकी वर्षं वाटीनंच करते की सगळं,” त्या म्हणतात. खरंच करतात, आणि त्यांच्या शंकरपाळ्यांना आमच्या गल्लीत तोड नाही. पण शंकरपाळ्यांचं प्रमाण बघा. वाटीभर दूध, वाटीभर साखर, वाटीभर तूप आणि मैदा मावेल तितका. वाटी एकच, आणि मैद्याचं माप हाताला कळतं, पीठ घट्ट झालं की थांबायचं. तिथे काट्याची काही गरज नाही. शिरा, नारळाच्या वड्या, चकलीची भाजणी, सगळं वाटीवर बिनधास्त करा. केकच्या मिश्रणात ‘मावेल तितका’ म्हणता येत नाही. तिथे अंडी मोजून असतात, बेकिंग पावडर चमच्याने मोजलेली असते आणि मैदा किती झाला हे हाताला कळायच्या आत तो पातेल्यात पडलेला असतो. काकूंना मी एवढंच म्हटलं, “काकू, तुमची वाटी आणि तुमचा हात ठरलेला आहे. तुमच्या सूनबाई मुंबईला तुमची रेसिपी करणार, त्यांच्याकडे ना ती वाटी ना तो हात.” मग त्यांच्या चॉकलेट केकची वाटी आम्ही दोघींनी काट्यावर ठेवली. त्यांच्या हाताने भरलेली मैद्याची वाटी १०८ ग्रॅम निघाली. तो आकडा आता त्यांच्या सूनबाईंच्या फोनमध्ये आहे.

पावाला तर काट्याशिवाय मी हातच लावत नाही. बेकरीवाले सगळं मैद्याच्या टक्क्यांत बोलतात. मैदा शंभर, बाकी सगळं त्याच्या हिशोबात. माझ्या लादीपावाचं असं आहे : मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५ ग्रॅम, मीठ १०, साखर २०, लोणी २५ आणि इन्स्टंट यीस्ट ५. पाणी म्हणजे पासष्ट टक्के, मीठ दोन टक्के. एकूण गोळा होतो ८८५ ग्रॅमचा, बारा पाव करायचे तर एकेक गोळी ७३-७४ ग्रॅमची. गोळ्याही काट्यावर तोलून करायच्या, म्हणजे लादी सगळीकडे सारखी फुगते आणि कडेचे पाव आधी लाल होत नाहीत. आता समजा मैदा कपाने घेतला आणि ५०० च्या जागी ५६० पडला. पाणी तेवढंच आहे, पण टक्के पासष्टवरून अठ्ठावन्नवर आले. पीठ घट्ट, मळताना मनगट दुखणार, पाव आखूड आणि दाट. मग माणूस यीस्टला दोष देतो, नवीन पाकीट आणतो, आणि पुन्हा तेच.

काट्याने सगळंच सुटतं असं मात्र नाही. पिठात ओलावा असतो, खाद्य सुरक्षेच्या नियमात मैद्याला १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. पावसाळ्यात आमच्याकडे उघडा राहिलेला मैदा हवेतलं पाणी ओढतो आणि तेही वजनात मोजलं जातं. म्हणून जून ते सप्टेंबर मी पाणी सगळं एकदम ओतत नाही, पंधरा-वीस ग्रॅम वाटीत मागे ठेवते आणि पीठ बघून घालते. गिरणीच्या कणकेला उलट जास्त पाणी लागतं, जात्यावर दळताना स्टार्च जास्त मोडतो आणि मोडलेला स्टार्च पाणी पितो. मैद्याची रेसिपी ग्रॅमला ग्रॅम कणकेत नेली तर पाव कोरडा होणारच.

आता काट्याच्या खोडी. पहिली मोठी, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. यावर एक ग्रॅमचा आकडा दिसतो म्हणून एक ग्रॅम खात्रीने मोजला जातो असं नाही. रिकाम्या भांड्यात यीस्ट अगदी सावकाश, चिमूट चिमूट टाकत गेलात तर आकडा शून्यावरच बसून राहतो. काट्यात शून्य जागेवर धरून ठेवायची सोय असते, ती तुमच्या चिमटीला हेलकावा समजून पुसून टाकते. यावर उपाय म्हणजे रिकामी छोटी वाटी ठेवून शून्य करायचं, ती उचलून यीस्ट काट्याबाहेरच तिच्यात घ्यायचं आणि मग ती वाटी पुन्हा काट्यावर ठेवायची, खरं वजन दिसतं. पण मी पाच ग्रॅमच्या खालचं काही यावर मोजतच नाही. तिथे चमचा चांगला. सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर साधारण ४ ग्रॅम, सोडा ५, मीठ ६, इन्स्टंट यीस्ट ३. अगदीच हवं तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला छोटा काटा मिळतो, तोही स्वस्त असतो. तो वापरताना वरचा पंखा बंद करा, वाऱ्यानेसुद्धा आकडा नाचतो.

दुसरी खोड, मध्येच बंद होण्याची. मैदा तोलला, चाळणी शोधायला वळलात, परत आलात तर पडदा कोरा. पुन्हा सुरू केला की तो पातेल्यासकट शून्यापासून सुरुवात करतो आणि आधीचं वजन गेलं. मी रिकाम्या पातेल्यांची वजनं त्यांच्या बुडाला मार्करने लिहून ठेवली आहेत, म्हणजे काटा बंद पडला तरी वजाबाकी करून हिशोब लागतो. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरं, मोठी परात ठेवली की पडदा झाकला जातो. ताटलीवर एक उंच, जड बुडाचा डबा किंवा उपडी वाटी ठेवून त्यावर परात ठेवायची, आकडा दिसतो. डबा बरोबर मध्यावर हवा. एका विक्रेत्याकडून आलेल्या काट्यात मी हे तपासलं तर वजन मध्ये ठेवलं की एक आकडा आणि कडेला ठेवलं की त्याहून सात-आठ ग्रॅम कमी. तो लगेच परत पाठवला. बदलून आलेला नीट होता. तुम्हीही पार्सल उघडल्या उघडल्या हे करून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.

तपासायला घरात वजन कुठून आणायचं? रुपयाचं चिन्ह असलेली दहाची नाणी घ्या. २०११ च्या मालिकेतलं ७.७१ ग्रॅमचं आहे, २०१९ चं ७.७४. कुठलीही दहा एकत्र ठेवलीत तरी ७७ च्या एखाद ग्रॅम मागेपुढे दिसायला हवेत. मोठ्या वजनासाठी मिठाची पुडी किंवा साखरेचं पाकीट यावर विसंबू नका, पाकिटात कायद्यानेच थोडं मागेपुढे चालतं. त्यापेक्षा ओळखीच्या वाण्याकडे काटा घेऊन जा आणि त्याच्याकडचं छाप मारलेलं अर्ध्या किलोचं वजन ठेवून बघा. आमच्या वाण्याने हसतहसत दिलं, आणि काटा ५०० वर बरोबर थांबला.

मिलीचं युनिट असलेले काटेही येतात, त्याच्या मोहात पडू नका. तो मिली पाण्याचा असतो. १०० मिली तेल सुमारे ९२ ग्रॅम भरतं, मध तर १४० च्या वर. तेल मिलीत दिलं असेल तर मापाच्या भांड्याने घ्या, नाहीतर गुणाकार करून ग्रॅम काढा. आणि युनिटचं बटण चुकून दाबलं जातं त्यावर लक्ष ठेवा, आकडा औंसात गेला तर १०० ग्रॅमच्या जागी साडेतीन दिसतं आणि लहान मुलं बेधडक मैदा ओतत राहतात.

काचेचा चपटा काटा माझ्या जावेकडे आहे. पुसायला फार सोपा आणि ओट्यावर देखणा दिसतो. पण त्याची बटणं स्पर्शावर चालतात, ओल्या किंवा तुपाच्या हाताने दाबली जात नाहीत आणि कधीकधी परात टेकली तरी दाबली जातात. कणीक मळणाऱ्या हाताला खऱ्या, आत जाणाऱ्या बटणांचा काटा बरा. काटा फिरणारा जुना स्प्रिंगचा काटा भाजीसाठी ठीक आहे, त्याच्या रेघा वीस-पंचवीस ग्रॅमच्या असतात, केकला तेवढं जाडं चालणार नाही.

या पांढऱ्या काट्याची काळजी एवढीच. पाण्याखाली धरू नका, ताटलीच्या कडेच्या फटीत मैदा साचतो तो कोरड्या ब्रशने काढा. मी पूर्ण काटा पातळ पारदर्शक पिशवीत घालूनच वापरते, बटणं पिशवीवरूनही दाबता येतात. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, गळलेल्या सेलने आतली पट्टी गंजते. आकडा अस्थिर व्हायला लागला तर आधी सेल बदला, बहुतेक वेळा तेवढंच असतं.

पाचपैकी मी याला चार देईन. एक गुण कमी तो सारखा बंद होतो त्यासाठी. पुण्यात तुळशीबाग, रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानांतून असे काटे मिळतात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला केकच्या सामानाबरोबर. दुकानात घेण्याचा फायदा असा की नाणी सोबत नेऊन तिथल्या तिथे तपासता येतं.

माझ्यासारख्या ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. हा काटा स्वयंपाकघरातल्या मापासाठी आहे. केक, नानकटाई वजनावर विकत असाल तर गिऱ्हाइकासमोर तोलायला वैध मापन शास्त्र विभागाची पडताळणी आणि शिक्का असलेला काटा लागतो, आणि तो ठरावीक मुदतीने पुन्हा तपासून घ्यावा लागतो. त्याची किंमत बरीच जास्त असते. मी दोन्ही ठेवते. खोकं भरायचं त्या शिक्क्याच्या काट्यावर, आणि मैदा तोलायचा या पांढऱ्यावर.